कोणाचीच नसलेली बिअर

ती केस आठवली की माझे डोके आजही थोडे गरगरते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घरफोड्यांना तर गणतीच नाही. उत्तर सापडले की फाईल बंद व्हायची आणि मी घरी जाऊन निवांत जेवायचो. या केसचेही उत्तर सापडले, फाईलही बंद झाली. पण अजून जेवताना मधूनच ती बाई आठवते आणि माझा घास हातातच राहतो. बायको म्हणते, "आली वाटतं तुमची बिअर!"

आमच्या घरात हा विनोद चालतो, कारण बिअरचा थेंबही मी कधी चाखलेला नाही. वाढलो विलेपार्ल्यात. आमच्याकडे पाहुणा आला तर कोकम सरबत, फारच लाडका असेल तर पन्हे. त्यामुळे बिअर कोण बनवतो, कोण विकतो, कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते, यातले मला कायद्याच्या पुस्तकापुरतेच ठाऊक होते. आणि पुस्तकात माणसे नसतात.

मे महिना संपत आला होता. पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एका बाईने खबर दिली. नाव सांगायला तयार नव्हती. "माहुलगावात हळदीच्या घरी टेम्पो भरून बिअर उतरलीये. बघा जाऊन. उद्या काही झालं तर पोलीस झोपले होते असं होईल." एवढे बोलून फोन ठेवला.

निनावी खबर देणारे बहुतेक वेळा शेजारीच असतात. त्यांची खबर सहसा खरी निघते, हेतू मात्र पाहू नये. विषारी दारूची धास्ती आम्हाला कायम असतेच, त्यात लग्नाचे घर. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच सोबत घेतले आणि निघालो. बरोबर एक महिला उपनिरीक्षक होती. नोकरीत नवी, बोलायची कमी, पण जिथे जाईल तिथे आधी चारी बाजूंनी नजर फिरवणारी. दुसरा आमचा हवालदार, मूळचा मालवणकडचा. जीपमध्ये बसल्याबसल्या त्याने निकाल देऊन टाकला. "सायब, माल दमणचो असतलो. माका विचारा."

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात मांडव घातलेला, आंब्याची पाने टांगलेली. घरातली बाई मासळीची व्यापारी. भल्या पहाटे धक्क्यावरून माल उचलायचा आणि उपनगरातल्या बाजारांत पोचवायचा, हा तिचा धंदा. नवरा हयात नव्हता. उद्या मुलीची हळद होती. घरामागे पत्र्याची एक खोली, आतून थर्माकोलने मढवलेली, मासळी बर्फात ठेवण्यासाठी. दार उघडले तर मासळी नव्हतीच. खालपासून वरपर्यंत बिअरच्या पेट्या रचलेल्या. पुठ्ठा भिजू नये म्हणून खाली फळ्या टाकलेल्या. बर्फाच्या गारव्यात पापलेटाचा वास आणि समोर बिअर, असा तो प्रकार होता.

मी विचारले, "ही बिअर कोणाची?"

"माजी."

माझे वाक्य पुरते संपलेही नव्हते. हाच प्रश्न मी सुऱ्यांबद्दल विचारला आहे, गांज्याबद्दल विचारला आहे, चोरीच्या मोटारसायकलींबद्दल विचारला आहे. इतक्या तत्परतेने 'माझी' म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

"एवढी सगळी?"

"माजे पोरीची हलद हाय उद्या. आख्खा गाव येल. त्यानला काय पानी पाजू?"

"कुठून आणली?"

"आनली."

"कोणी आणली?"

"मीच आनली. सांगितला ना, माजी हाय. लिहा काय लिहायचा तो."

एवढा साठा परवान्याशिवाय घरात ठेवणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिला तसे समजावून सांगितले. तिने मान हलवली. मांडवात तिची मुलगी हातात आंब्याचे डहाळे घेऊन उभी होती. आईला पोलीस घेऊन जाणार हे तिला कळले आणि डहाळे तिथेच टाकून ती पुढे आली. आई तिच्याकडे बघेनाच.

आम्ही पेट्यांवरचा छापील मजकूर तपासला. विक्री महाराष्ट्रातच, कारखान्याचे नाव, बॅच क्रमांक, सगळे जिथल्या तिथे. दमणहून चोरून आणलेल्या स्वस्त मालाशी काही संबंध नव्हता. हवालदाराने टोपी काढून डोके खाजवले आणि तो विषय सोडून दिला.

तेवढ्यात उपनिरीक्षकाने मला हाक मारली, "सर, जरा इकडे या." मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचे निळे पिंप होते. त्यात बर्फ आणि बिअरच्या बाटल्या, वेगळ्या कंपनीच्या. "हळदीची बिअर ही आहे. दुकानातून रीतसर आणलीये, मुलीने परवाना दाखवला. आतल्या पेट्यांची एकसुद्धा पट्टी फुटलेली नाही." मग तिने घराच्या पाठच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे ओल्या गोणपाटाखाली मासळीचे खोके होते. खालून बर्फाचे पाणी वाहत होते. "स्वतःचा माल उन्हात काढून हिने ती बिअर आत ठेवलीये. हळदीसाठी असं कोण करेल?"

बाई खोटे बोलत होती, हे उघड होते. पण माणूस खोटे बोलतो ते सुटण्यासाठी. ही अडकण्यासाठी बोलत होती. माझा गोंधळ तिथपासून सुरू झाला.

मुद्देमाल जप्त करून आम्ही तिला जबाबासाठी ठाण्यात आणले. अटक दाखवली नव्हती. दाखवायची झाली तर सूर्यास्ताआधी दाखवावी लागणार होती, बाईमाणसाच्या बाबतीत कायदाच तसा आहे. आणि एकदा अटक झाली की उद्याची हळद आईशिवाय. उपनिरीक्षक तिच्यासमोर बसली. तासभर एकच उत्तर, माजी हाय.

दुपारी एक माणूस आपणहून ठाण्यात आला. चाळिशी उलटलेला, दाढी वाढलेली, शर्ट घामाने चिंब. या बाईचा धाकटा भाऊ. कांजूरमार्गला बिअरच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे गोदाम होते, तिथे तो टेम्पो चालवत असे. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, त्या पेट्या मी चोरल्यात. बहिणीला काय ठाऊक नाही. ती बाजारात गेली होती, तेव्हा मी ठेवल्या. तिला सोडा."

"कुठून चोरल्यास?"

"गोदामातून."

"कशा?"

"कुलूप तोडून."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "सायब, चोर दोन गावले. आता चोरी खय गावता ती बघूक व्हयी."

त्याचे म्हणणे गमतीचे होते, पण बरोबर होते. मी गोदामाच्या व्यवस्थापकाला बोलावून घेतले. इस्त्रीच्या शर्टातला, घाईतला माणूस. कुलूप तुटल्याचे ऐकून तो हसलाच. "आमच्याकडे चोरी? छे हो साहेब. कुलूप जागेवर, स्टॉक बरोबर. तो माल आम्ही केव्हाच विकलाय."

"कोणाला?"

मग त्याने मला हा धंदा समजावला. माझ्या टेबलावर चहाचे कप होते, तेच त्याने ओळीने मांडले. पहिला कप कारखाना. कारखाना पिणाऱ्याला विकू शकत नाही, तो घाऊकवाल्याला देतो. दुसरा कप घाऊकवाला, म्हणजे हे. ते दुकानाला किंवा बारला देतात. तिसरा कप दुकान, तिथून गिऱ्हाईक. प्रत्येकाचा परवाना वेगळा, मधल्या प्रत्येक प्रवासाला उत्पादन शुल्क खात्याचा पास, आणि ज्या जागेचा परवाना तिथेच माल ठेवायचा. "आमच्याकडून निघाला की दुकानाचा. घाटकोपरच्या दुकानात माल पोचला, त्यांनी सही दिली. आमचा विषय संपला, साहेब."

"मग तुमच्या ड्रायव्हरने चोरला काय?"

"ते मला काय माहीत? तो कंत्राटदाराचा माणूस." एवढे म्हणून त्याने घड्याळ पाहिले.

दुकानदाराला फोन लावला. "माल मिळाला साब, एकदम मिळाला."

"कुठे आहे?"

"दुकानात."

"मग माझ्यासमोर पेट्यांचा हा ढीग आहे, तो काय आहे? बॅच क्रमांक तोच आहे."

"दुसरा असेल साब."

कारखान्याच्या विक्री प्रतिनिधीला विचारले, तर तो म्हणाला, आमच्या फाटकातून बाहेर पडला तो माल आमचा नाही. बोलणे गोड, उत्तर तेच.

आता माझी अवस्था बघा. एरवी मुद्देमाल सोडवायला लोक ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. एका सोनसाखळीवर दोन-दोन मालकिणी हक्क सांगतात. इथे माल समोर पडलेला, कागद स्वच्छ, आणि तीन शिकलेसवरलेले व्यापारी हात वर करून उभे. कोणाचे काही गेलेच नव्हते. आणि ज्यांचा या मालाशी काही संबंध नव्हता ते बहीणभाऊ दोन खोल्यांत बसून 'मी, मी' करत होते. कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

शेवटी मी ठरवले, कागद पुरे झाले. जीप काढली आणि घाटकोपरला गेलो.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. लोखंडी जाळीच्या मागे मालक बसला होता, साठीचा, गुजराती वळणाचे मराठी बोलणारा. मी म्हटले, "शेठ, काल आलेला माल दाखवा." तो उठला आणि उठताना त्याचे डोके वर बांधलेल्या पेट्यांना लागले. मग माझ्या लक्षात आले की तो खुर्चीवर नव्हे, पेट्यांवर बसला होता. माळा भरलेला, फ्रिजच्या डोक्यावर पेट्या, देव्हाऱ्यासमोर पेट्या. गणपती दिसत नव्हता, फक्त अगरबत्तीचा धूर वर येत होता. नोकर आत जाताना आडवा होऊन जात होता. एक टेम्पो माल या गाळ्यात उतरणे शक्यच नव्हते. एक पेटीसुद्धा मावली नसती.

"शेठ, कुठे ठेवला?" मी पुन्हा विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग देव्हाऱ्याच्या दिशेने पाहिले. "साब, महिना संपतोय ना."

"म्हणजे?"

"मे महिना म्हणजे सीझन. कंपनीचं टार्गेट असते. या महिन्यात एवढा माल उचलला तर स्कीम मिळेल, नवीन फ्रिज मिळेल. माणूस रोज येऊन बसते. गोदामवाला पण मागे लागते, त्याच्यावर पण कंपनीचं प्रेशर. मी ना बोललो होतो साब. जागा कुठे आहे? ते बोलले, तुम्ही फक्त सही करा, माल आम्ही गाडीतच ठेवतो, दोन दिवसांत तुमची जागा होईल तेव्हा उतरवतो. सगळे करतात साब, महिनाअखेर सगळे करतात."

म्हणजे ती बिअर कागदावर दुकानात पोचली होती आणि प्रत्यक्षात कुठेच पोचली नव्हती. कारखान्याने विकली, घाऊकवाल्याने विकली, दुकानाने घेतली. फक्त तिला टेकायला जागा नव्हती. आता गोदामवाला 'माझी' म्हणाला तर विक्री खोटी ठरणार. दुकानदार 'माझी' म्हणाला तर परवान्याबाहेरच्या जागेत माल ठेवल्याचा ठपका त्याच्यावर. म्हणून सगळे गप्प. डोक्यातला एक गुंता सुटला, पण दुसरा तसाच होता.

ठाण्यात परत आलो तेव्हा उन्हे कलायला लागली होती. ड्रायव्हरला समोर बसवले. म्हटले, "दुकानदार बोललाय. कुलूपबिलूप पुरे. आता खरं सांग."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "मॅनेजर बोलला, गाडी कुठेतरी रिकामी कर आणि सकाळी दुसऱ्या खेपेला हजर राहा. कोणी विचारलं तर दुकानात उतरवला म्हण. आता कुठेतरी म्हणजे कुठे, साहेब? बाहेर ऊन बघा. गाडीत एक बाटली फुटल्याचा आवाज आला. आम्ही कोळी माणसं. माल तापायला लागला की आमच्या जिवाची घालमेल होते. आधी बर्फात टाकायचा, कोणाचा ते मग बघू, हेच लहानपणापासून शिकलो. म्हणून ताईच्या खोलीत टाकला."

"बहिणीला काय सांगितलंस?"

"फोनवर बोललो, खोलीत माल ठेवलाय, दोन दिवस विचारू नको. मॅनेजरने तोंड बंद ठेवायला सांगितलेलं ना. तिने काही विचारलं नाही. आपली मासळी बाहेर काढून पेट्यांखाली फळ्या टाकल्यात तिने."

"मग चोरी केली असं का सांगितलंस?"

"नाहीतर तिच्या घरात सापडला म्हणून तिला आत टाकलं असतं ना तुम्ही. पोरीची हळद आहे." मग एकदम मान वर करून त्याने विचारले, "साहेब, तुम्ही घरी गेलात तेव्हा ती काय बोलली?"

"माझी आहे म्हणाली."

त्याचा चेहरा बदलला. मी कितीतरी माणसांना वाईट बातम्या दिल्या आहेत, तो चेहरा मला ओळखता येतो. "म्हणजे तिला वाटलं मी चोरली," तो हळूच म्हणाला. "पोरीच्या हळदीला मामाने चोरून आणली, असं वाटलं तिला."

मी जबाबाचा कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.

पुढचे काम कायद्याचे होते आणि ते सरळ नव्हते. पुस्तकाप्रमाणे ताबा त्या बाईचा होता आणि तिच्याकडे एवढ्या मालाचा परवाना नव्हता. पण माल तिच्या माघारी ठेवला गेला होता आणि तो तिथे येण्याला परवाने असलेली माणसे कारणीभूत होती. मी उत्पादन शुल्क खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावले, सगळे मांडले. त्याला आश्चर्य वाटले नाही. तो फक्त म्हणाला, "महिनाअखेर ना?" परवान्याच्या अटी मोडल्याची कारवाई गोदामावर आणि दुकानावर झाली. बाईचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला, भावाला नोटीस देऊन घरी पाठवले. त्याची नोकरी अर्थातच गेली. तिच्या उन्हात गेलेल्या मासळीचे काय, हे कोणत्याही रकान्यात बसेना, म्हणून ते तसेच राहिले.

बाईला सांगितले, "तुमच्या भावाने चोरी केलेली नाही." ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग बरा झाला." एवढेच. बाहेर भाऊ उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. दोघे एकाच रिक्षात बसले, पण दोन टोकांना.

दुसऱ्या दिवशी मांडवाची आणि लाऊडस्पीकरची परवानगी पाहण्याचे निमित्त काढून मी माहुलला गेलो. निमित्तच होते, खोटे कशाला सांगू? हळद रंगात आली होती. भाऊ रस्त्याच्या पलीकडे उभा, अंगात कोरा पांढरा शर्ट.

मी विचारले, "आत का जात नाही?"

"जावं लागणारच आहे, साहेब. मामा आहे मी. पण पाय उचलत नाही. गाडीत एक बाटली फुटली तरी मालकाला सांगणारा माणूस मी. आणि सख्खी बहीण..."

तेवढ्यात ती मांडवातून बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुला वाटलं मी चोर आहे?" त्याने विचारले.

"हां, वाटला," ती म्हणाली. जराही आडपडदा नाही. "म्हनून तं माजी हाय बोलले. तू चोर नाय ह्ये ठाव असता तं गप बसले असते. पोलीस बघतील त्यांचा ते." आणि तिने दोन्ही हात त्याच्या गालांवर, मग शर्टावर पुसले.

"शर्ट नवीन आहे गं," तो म्हणाला. आणि तिच्या मागोमाग आत गेला.

या केसने मला कामाची एक गोष्ट शिकवली. कबुलीजबाब हातात आला की तो खरा की खोटा हे पाहण्याआधी मी विचारू लागलो, हा माणूस कोणाला पाठीशी घालतोय? त्याचा पुढे उपयोगही झाला. पण दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. त्या बाईचा भावावर विश्वास होता की नव्हता? नव्हता, हे तिने तोंडाने सांगितले. आणि तरी त्याच्यासाठी पोरीच्या हळदीआधी ती तुरुंगात जायला निघाली होती. याला काय म्हणायचे?

परवा जेवताना पुन्हा घास हातात राहिला, तेव्हा मी बायकोला विचारलेच. "मी ठेवलेलं असं काही आपल्या घरात सापडलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. "आधी पोलिसांना सांगितलं असतं की माझंच आहे. मग तुम्ही घरी आल्यावर विचारलं असतं, का केलंत?"

म्हणजे मी केले असेलच, हे ती धरून चालली होती. यावर मला बरे वाटायला हवे की वाईट, ते मला अजून ठरवता आलेले नाही.